खोकल्याने रात्रीचं जेवण बदललं

सर्दी गेली, ताप गेला, पण खोकला काही हटेना. कफ नाही, घरघर नाही. घशात नुसती खवखव, आणि एकदा उबळ आली की डोळ्यांतून पाणी काढल्याशिवाय थांबायची नाही. दिवसभर कामाच्या नादात निभायचं, रात्री पाठ टेकली की सुरू. ऐन उसाचा हंगाम. कोल्हापूरच्या बाहेर जरा पडलं की कुठे पाचट पेटवलेलं, कुठे गुऱ्हाळाचा धूर. त्यामुळे जो तो म्हणायचा, "हवाच तशी आहे, जाईल."

2 आठवड्यांच्या वर खोकला राहिला की क्षयाची तपासणी करून घ्यायची असते आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत होते, हे मला ठाऊक होतं. म्हणून डॉक्टरांकडे गेले. छातीचा एक्स-रे स्वच्छ आला. मग त्यांनी विचारलं, रक्तदाबाची गोळी चालू आहे का? रॅमिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्यांनी काही जणांना असाच कोरडा खोकला लागतो. मला ती गोळी नव्हती. पुढचा प्रश्न होता, "रात्री किती वाजता जेवता, आणि काय?"

आमच्याकडे दुकान बंद करून सगळे घरी येईपर्यंत उशीर होतो. त्यानंतर भाकरी, तिखटजाळ आमटी किंवा रस्सा, आणि लगेच अंथरूण. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. विषाणूच्या सर्दीनंतर घसा हळवा होऊन राहतो, आणि असा खोकला 3 ते 8 आठवडे रेंगाळू शकतो. त्यात भरल्या पोटी आडवं झालं की पोटातलं आम्ल वर घशापर्यंत येतं. छातीत जळजळ झालीच पाहिजे असं नाही. काहींना नुसता खोकलाच येतो. मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन तर खोकल्याच्या संशोधनात मुद्दाम श्वासातून आत घ्यायला देतात, कुणाला किती लवकर ठसका लागतो ते मोजायला. फोडणीतल्या मिरचीचा झोंबरा धूर उठला की घरभर खोकतात, त्यामागचं कारणही तेच.

त्या दिवसापासून रात्रीचं जेवण दिवेलागणीला. झोपण्याआधी 2-3 तासांचं अंतर, आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा.

पण खायचं काय? सासूबाई म्हणाल्या, "अगं, अळणी कर की! बाळंतिणीला चालतं, तुला नाही चालणार?" तांबडा-पांढरा जगभर पोचला, अळणी, म्हणजे मटणाचं बिनतिखट पाणी, मात्र घरातच राहिलं, आणि माझ्या मते आपल्या स्वयंपाकातली सगळ्यात मायाळू गोष्ट तीच आहे. मटणाला हळद, मीठ, थोडं आलं-लसूण लावायचं, त्याच्याच अंगच्या पाण्यात परतायचं, मग वरून आधणाचं पाणी घालून मंद आचेवर शिजू द्यायचं. मिरची नाही, वाटण नाही. वर आलेली चरबी मी पळीने काढून टाकायची, कारण जड तुपकट जेवणानेही आम्ल उसळतं. वाटीभर गरम अळणी घोटघोट पिताना घसा असा सैल पडायचा की दोन घोटांच्या मध्ये मी खोकायचं विसरायची. मटण नसेल त्या दिवशी मुगाचं पातळ वरण आणि मऊ भात, नाहीतर तांदळाची पेज.

दिवसा कोमट पाणी सतत जवळ. निजताना चमचाभर मध, नुसतं चाटून. मधाने खोकल्याला खरंच उतार पडतो, पण 1 वर्षाच्या आतल्या बाळाला ते अजिबात द्यायचं नाही. ज्येष्ठमधाची काडी चघळून बरं वाटायचं. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी मात्र ती रोज चघळू नये, त्याने दाब वाढतो. शेजारच्या काकूंनी मिरी, लवंग, सुंठ घालून कडक काढा करून दिला होता. माया मोठी, पण माझ्या घशाला तो झोंबला. आल्याचा एक पातळ काप उकळून केलेलं पाणी सोसलं.

दुधावरून घरात बरीच चर्चा झाली. दुधाने कफ वाढतो असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात कफ वाढत नाही, लाळ थोडी दाट झाल्यासारखी वाटते एवढंच. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिणाऱ्या गावात दूध सोड म्हणणं कठीणच. मी साय काढलेलं हळदीचं दूध संध्याकाळी घ्यायची, निजताना नाही.

मिसळ बंद केली. कटाचं तिखट तर होतंच, पण फरसाणाचा कोरडा चुरा घशाला जास्त खरवडायचा. चिवडा, टोस्ट, खारी यांचंही तेच.

खोकला एका रात्रीत नाही गेला. आधी मध्यरात्रीची उबळ थांबली, मग पहाटेची. वर्षाच्या चटणीच्या मिरच्या भाजायची वेळ आली तेव्हा ते काम जाऊबाईंनी अंगावर घेतलं आणि मला मिरच्या कुटायच्या डंकाकडे फिरकूही दिलं नाही.

आता तांबडा रस्सा रविवारी दुपारी होतो. रात्री तिखट कमी, आणि जेवण लवकर, ते तसंच ठेवलंय. कुणाचा खोकला 2 आठवड्यांच्या पुढे गेला असेल, थुंकीत रक्त दिसत असेल, वजन उतरत असेल, संध्याकाळी ताप येत असेल किंवा दम लागत असेल, तर अळणी-मधावर थांबू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.