प्रश्न तो नव्हताच

अणुकेंद्रकाचा धडा मी इतक्या वेळा शिकवलाय की वाक्यं आपोआप तोंडात येतात. फळ्यावर दोन गोल, म्हणजे दोन प्रोटॉन, दोन्हींत अधिकचं चिन्ह, खाली दोन प्रभारांमधल्या बलाचं कूलॉम्बचं सूत्र. अंतर 1 फेम्टोमीटर (मीटरचा एक हजार-लाख-कोटीवा भाग) धरलं की प्रतिकर्षणाचं, म्हणजे एकमेकांना दूर ढकलण्याचं, बल येतं 230 न्यूटन. तेवीसेक किलोचं ओझं उचलायला लागतो तेवढा जोर, आणि तो एका प्रोटॉनवर! मग माझं ठरलेलं वाक्य: "तरी केंद्रक फुटत नाही, कारण केंद्रकातल्या कणांना धरून ठेवणारं प्रबळ बल याला पुरून उरतं."

त्या दिवशी मागच्या बाकावरून हात वर आला. "मॅडम, इतक्या जवळ गेल्यावर प्रतिकर्षण उरतच नसेल तर? आपण सूत्र ताणून तिथवर नेलं, एवढंच."

मी पुन्हा प्रबळ बल समजावायला लागले. तिनं ऐकून घेतलं. "ते आकर्षणाचं झालं. मी प्रतिकर्षणाचं विचारतेय."

बरोबर होतं तिचं. खडू हातात तसाच राहिला. "उद्या सांगते," म्हटलं आणि सुटले.

स्टाफरूममध्ये आधी रदरफोर्ड आठवला. पण त्याच्या प्रयोगातले अल्फा कण, म्हणजे हीलियमची केंद्रकं, सोन्याच्या केंद्रकाजवळ फार तर 30 फेम्टोमीटरपर्यंत पोचले होते. सोन्याच्या केंद्रकाची त्रिज्याच जेमतेम 7. बाद. मग युरेनियमचं विखंडन, म्हणजे केंद्रक फुटणं. सुटणाऱ्या सुमारे 200 एमईव्ही (केंद्रकांच्या ऊर्जेचं एकक) ऊर्जेचा मोठा वाटा प्रतिकर्षणाचाच, पण तुकडे एकमेकांना ढकलतात ते विलग झाल्यावर. तेही बाद. चहा गार झाला तेव्हा कुठे ट्रिशियम आणि हीलियम-3 ची जोडी सुचली. इतकी साधी गोष्ट, आणि मी ती दरवर्षी 'जाता जाता' म्हणून उरकत आले होते.

दुसऱ्या दिवशी तिलाच फळ्याशी बोलावलं. ट्रिशियमात एक प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन; हीलियम-3 मध्ये उलट. प्रबळ बलाला दोन्ही जवळपास सारखेच. बंधनऊर्जा, म्हणजे केंद्रक पूर्ण सुटं करायला लागणारी ऊर्जा, मात्र 8.48 आणि 7.72 एमईव्ही.

"0.76 कमी पडतेय," ती म्हणाली. "दुसऱ्या प्रोटॉनमुळे?"

"दोन प्रोटॉन 1 फेम्टोमीटरवर असले की प्रतिकर्षणाची ऊर्जा 1.44 एमईव्ही, आणि अंतर वाढेल तशी ती त्याच प्रमाणात कमी. आता 1.44 ला 0.76 नं भाग, अंतर मिळेल."

तिनं भागलं. 1.9 फेम्टोमीटर. हीलियम-3 ची मोजलेली त्रिज्या साधारण तेवढीच. मी प्रामाणिकपणे सांगितलं, की 0.76 मधला थोडा भाग इतर कारणांचाही आहे, शिवाय प्रोटॉन काही एकाच अंतरावर बसून राहत नाहीत. पण बहुतेक सगळी तूट प्रतिकर्षणाचीच. केंद्रकाच्या आतसुद्धा ते चालूच असतं.

ती फळ्यावरच्या 1.9 कडे बघत राहिली. "आणि अर्ध्या फेम्टोमीटरवर?"

प्रोटॉनची स्वतःची त्रिज्याच 0.84 आहे, तिथे दोघांचे प्रभार एकमेकांत घुसलेले असतात, बिंदूंसाठी लिहिलेलं सूत्र जसंच्या तसं लावता येत नाही, इथपर्यंत आले आणि घंटा झाली. वर्ग रिकामा झाला. ती वही उघडून पहिल्या बाकावर येऊन बसली.