१२० लिटरची टाकी आणि समोर अख्खा समुद्र

ट्रिपवरून येऊन आठ दिवस झाले तरी कानातून तो पंपाचा आवाज जाईना. गाडीतला नळ उघडला की टर्रर्र करून पंप सुरू व्हायचा आणि त्याच्या मागोमाग आईचा आवाज, "किती सोडलालास रं पाणी, बंद कर की!" सतरा दिवस हे दोन आवाज जोडीनेच ऐकले, १६ मेला सोलापुरातून निघालो आणि १ जूनला रात्री परत आलो, गुहागरपासून शिरोड्यापर्यंत किनारा धरून, पाचजण एका गाडीत. बऱ्याच जणांनी विचारलं की मोटरहोममध्ये राहायला कसं वाटतं, म्हणून लिहायला बसलो, पण लिहिताना कळतंय की मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते पाण्याबद्दल.

गाडी माझ्या मेव्हण्याची. त्याने दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्पर करून घेतली, आरटीओत तशी रीतसर नोंद पण केली (ती नोंद केल्याशिवाय असल्या गाडीच्या नादाला लागू नका, हे मनापासून सांगतो). मागे दोन बर्थ, मध्ये सोफा जो रात्री बेड होतो, एक शेगडी, पाच किलोचा सिलेंडर, छपरावर सोलर, त्याच्यावर पंखा आणि लाइट चालतात, एसी मात्र बाहेरून करंट घेतला तरच. छोटं टॉयलेट आहे, त्याची पेटी बाहेर काढून रिकामी करावी लागते. आणि पाण्याची टाकी १२० लिटरची. मेव्हणा चावी देताना म्हणाला, भावजी, बाकी सगळं जमेल, पाणी तेवढं पुरणार नाही, रोज भरावं लागेल. आई शेजारीच उभी होती, काहीच बोलली नाही, फक्त टाकीचं झाकण उघडून आत बघितलं.

आता आमच्या घरचं सांगतो. आमच्या भागात नळ चार-पाच दिवसांनी येतो, तो पण कधी रात्री दोनला, कधी पहाटे. उजनी धरण भरलेलं असलं तरी तेच. लहानपणापासून मी आईला रात्री अपरात्री उठून हौद, पिंप, घागरी, हंडे भरताना बघितलंय, कुठल्या भांड्यात किती मावतं हे तिला तोंडपाठ आहे, आणि पिण्याचं, वापरायचं, झाडाचं असं पाणी ती वेगवेगळं ठेवते. त्यामुळे टाकीचा ताबा तिनेच घेतला. मला वाटलं होतं की बहात्तर वर्षांच्या बाईला गाडीत राहायला जड जाईल, पण सगळ्यात लवकर तीच रुळली, कारण मोजून वापरायचं पाणी तिला नवीन नव्हतंच.

निघालो ते पंढरपूर, म्हसवड, दहिवडी करत साताऱ्याकडे. त्या दिवशी सोलापुरात पारा ४३ च्या वर होता, माण तालुक्यातल्या रस्त्याला दोन्हीकडे नुसती पांढरी पडलेली रानं, बाभळी, आणि जनावरांना सावलीला बांधलेलं. संध्याकाळी कोयनानगरला मुक्काम केला आणि सकाळी कुंभार्ली घाट उतरलो. पोरगी आठवीत जाणार आहे, तिला भूगोलात पर्जन्यछायेचा प्रदेश हा धडा आहे, पण घाटमाथ्यावर गाडी थांबवून मी दोन्ही बाजू दाखवल्या तेव्हा तिला तो खरा कळला. समुद्रावरून आलेले ढग इथे अडतात, पलीकडे सगळं रिकामं करतात आणि आपल्याकडे येईपर्यंत त्यांच्यात काही उरत नाही. कोकणात ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आपल्या सोलापुरात साडेपाचशेच्या आसपास. पोरगी म्हणाली, म्हणजे आपण डोंगराच्या चुकीच्या बाजूला राहतो. आई लगेच, "चुकीच्या कशाला, ज्वारी कुठं पिकतीय मग?"

गुहागरला पहिल्यांदा समुद्राजवळ गाडी लावली. वाळूत नाही, एका काकांच्या नारळाच्या बागेजवळच्या अंगणात, विचारून आणि रोजचे पैसे ठरवून. किनाऱ्यावर वाळूत जड गाडी घातली की रुतते आणि वाळूच्या टेकड्यांची पण नासाडी होते, म्हणून आम्ही शेवटपर्यंत कुणाच्या तरी अंगणात नाहीतर देवळाजवळ परवानगी घेऊनच थांबलो. पहिल्याच दिवशी पोरं तीन तास समुद्रात, अंगभर मीठ आणि वाळू, आणि दोघांनी गाडीतल्या शॉवरखाली जे उभं राहायचं ते राहिली. टाकी दुपारीच अर्ध्याच्या खाली. त्या संध्याकाळी आईने नियम केले. शॉवर बंद. समुद्रातून आलं की बाहेरच उभं राहायचं, एक कळशी पाणी, त्यात तांब्याने डोक्यापासून खाली, साबण दिवसातून एकदाच. ताटं आधी कागदाने पुसायची मग धुवायची, तांदूळ धुतलेल्या पाण्याने पहिला हात. बिनसाबणाचं पाणी बादलीत धरून काकांना विचारून माडाच्या आळ्यात. टॉयलेटची पेटी फक्त जिथे थांबू तिथल्या संडासात. बायको मला हळूच म्हणाली, सुट्टीत पण अत्यांची (म्हणजे आईची) शिस्त आहेच, पण चौथ्या दिवशी तीच पोरांना ओरडत होती. हिशोब सांगतो, पाच माणसं आणि दिवसाला साठ-सत्तर लिटर, म्हणजे टाकी जवळपास दोन दिवस पुरायला लागली.

सोबत नेलेल्या कडक भाकऱ्यांचं मात्र वेगळंच झालं. आपल्याकडे महिनाभर राहणारी भाकरी, तिसऱ्या दिवशी सगळी मऊ, चामड्यासारखी. हवेतच पाणी आहे तिथे. आई रोज तव्यावर परत कडक करून द्यायची, शेंगाचटणी आणि दही, आणि बाहेर रायवळ आंब्यांची पाटी.

हेदवी, वेळणेश्वर करून तवसाळला आलो आणि फेरीबोटीत गाडी चढवून जयगडला उतरलो. चढताना गाडीचा मागचा भाग रॅम्पला घासतो की काय अशी धाकधूक होती, पण बोटीवरच्या पोरांनी तिरकी घ्यायला लावून बरोबर चढवली. गणपतीपुळ्याला दर्शन, आरे-वारेच्या वळणावर दहा मिनिटं सगळे गप्प उभे, रत्नागिरी, पावस. हा भाग सगळ्यांनी बघितलेला असतो म्हणून जास्त लिहीत नाही.

वाऱ्याचं मात्र लिहिलं पाहिजे, कारण गाडीत झोपायचं तर वाराच आपला एसी. दिवसा समुद्राकडून खारे वारे आणि रात्री जमिनीकडून मतलई वारे, हे शाळेत शिकलेलं, पण इथे त्यावर झोप अवलंबून होती. आपल्याकडे ४३ डिग्रीला माठातलं पाणी गार होतं आणि सावलीत बरं वाटतं, तिथे ३४ लाच अंगाला कपडे चिकटलेले. सुरुवातीला मी संध्याकाळी दार समुद्राकडे करून गाडी लावायचो आणि रात्री वारा फिरला की गाडी गच्च व्हायची, मग दोन्हीकडच्या खिडक्या उघड्या राहतील अशी आडवी लावायला शिकलो. आणि मालवण सोडल्यानंतर असं लक्षात आलं की रात्री वारा फिरतच नाहीये, दिवसरात्र समुद्राकडूनच येतोय, ओला. लाटा पण लांब, जड, पाणी गढूळ. कुणी न सांगता कळलं की उन्हाळा संपत आला.

पण त्याच्या आधीचं एक. विजयदुर्ग बघून देवगडकडे निघालो तेव्हा टाकी जवळजवळ रिकामी होती. मला वाटलं कोकण आहे, पाणी कुठेही मिळेल. सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरून रस्ता, नुसता जांभा, काळा पडलेला कातळ, वाळलेलं गवत, अगदी आपल्या माण तालुक्यासारखंच. एका वाडीत थांबून पाणी विचारलं तर एक आजी बाहेर आल्या, म्हणाल्या, "पाणी असा, पण थोडा असा." विहीर दाखवली, तळाला हातभर पाणी, आणि गावात टँकर येतो म्हणाल्या. मला खरंच धक्का बसला. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात मे महिन्यात टँकर! त्यांच्या मुलाने सांगितलं की जांभा चाळणीसारखा, पाणी मुरतं आणि उतारावरून पावसाळा संपता संपता समुद्रात जातं, धरून ठेवायला काही नाही.

मी म्हटलं मग राहू द्या आजी, पुढे बघतो. तर त्या ऐकेनात, दारात आलेल्याला पाणी नाही कसं म्हणायचं. दोन कळशा भरल्या त्यांनी. आई खाली उतरली आणि त्यातली एकच घेतली, दुसरी परत त्यांच्या हंड्यात ओतली, स्वतःच्या हाताने. मग दोघी पडवीत बसल्या. अंगणात रातांबे (कोकमाची फळं) फोडून वाळत घातलेले, एका बाजूला पावसाची बेगमी म्हणून लाकडं रचलेली, सुक्या मासळीची पोती, घराच्या पश्चिमेला झाप (माडाच्या विणलेल्या झावळ्या) बांधायचं काम चाललेलं. तिथे पावसाआधीच्या या तयारीला आगोट म्हणतात. आईला आजींचं बोलणं निम्मं कळत होतं, आजींना आईचं तेवढंच, पण एक तास दोघी पाणी कधी येतं, कसं साठवायचं, कुठलं भांडं बरं यावरच बोलत होत्या. निघताना आईने शेंगाचटणीचा डबा आणि एक सोलापुरी चादर दिली, आजींनी कोकमाच्या आगळाची बाटली आणि आठ आंबे दिले. गाडीत बसल्यावर आई बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "हितंबी बाईलाच मोजावं लागतंय की रं." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. घरी नळ येतो तेव्हा मी झोपलेलो असतो, इतकी वर्षं.

मालवणला २३ तारखेला पोचलो आणि बरं झालं, कारण मेच्या शेवटच्या आठवड्यापासून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यासाठी बंद होतात. २४ ला सकाळच्या पहिल्या होडीने गेलो. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला, तटाच्या पायात शिसं ओतलंय, महाराजांच्या हातापायांचे ठसे आहेत, शिवराजेश्वराचं देऊळ आहे. हे सगळं बघून डोळे भरून येतातच. पण आम्ही सगळ्यात जास्त वेळ उभे राहिलो ते विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंना खारं पाणी आणि मध्ये तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. एवढा तट उभा करायचा तर आत माणसं जगली पाहिजेत, आणि त्यासाठी आधी पाणी, हे ज्याने ओळखलं त्याची नजर केवढी. पोरगं म्हणालं, म्हणजे किल्ल्याची पण टाकी आहे. आईने कठड्याला हात लावून नमस्कार केला.

वेंगुर्ल्याला ३० मेला सकाळी होड्या वर ओढायचं काम चाललेलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, मासळीच्या विणीचा काळ आणि समुद्र पण खवळलेला, म्हणून त्याच्या आधी होड्या वाळूत वर ओढून झापांनी शाकारून ठेवतात. तीसेक माणसं दोराला, खाली ओंडके टाकलेले, एका हाळीला सगळ्यांनी मिळून ओढायचं. मी आणि पोरं पण दोराला लागलो, कुणी नको म्हणालं नाही. होडी हातभर सरकली की सगळे थांबून श्वास घ्यायचे. तळहात सोलले पण त्या सकाळसारखी सकाळ आख्ख्या ट्रिपमध्ये नव्हती.

शिरोड्याला मिठागरं. मीठ उचलून झालेलं, थोडे ढीग राहिलेले ते झाकायची घाई. इथेच १९३० च्या मेमध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. आणि त्याच मे महिन्यात आपलं सोलापूर पेटलं होतं, गांधीजींना अटक झाल्यावर, आणि इंग्रजांनी शहरात मार्शल लॉ लावला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. रोज ज्यांच्या पुतळ्यांवरून जातो त्या चौघांची गोष्ट मी पोरांना पहिल्यांदा नीट सांगितली ती सोलापूरपासून इतक्या लांब, मिठाच्या ढिगाशेजारी उभं राहून. पोरगीने चिमूटभर मीठ कागदात बांधून घेतलं, तिथल्या माणसाला विचारून.

३१ ला सावंतवाडीवरून आंबोली घाट चढलो आणि रात्री पाऊस आला. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, त्याची ही नुसती सुरुवात, पण गाडीच्या पत्र्यावर असा वाजत होता की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. लाइट लावून बघतो तर आई दारात, पाऊल बाहेर टाकून. गाडीला लावलेल्या कनातीच्या कोपऱ्यातून पाण्याची धार पडत होती तिथे तिने कळशी लावली, ती भरली, मग बादली, मग पातेली. बायको आणि पोरगी पण उठल्या. चौघं-पाचजण रात्री साडेबाराला भिजत भांडी बदलत होतो आणि फडक्यातून गाळून टाकीत ओतत होतो, कुणीही कुणाला झोपायला सांगितलं नाही. टाकी काठोकाठ भरली. सतरा दिवसांत पहिल्यांदाच आईने पोरांना सांगितलं, "जावा, शॉवर घ्या की आता."

सकाळी निघून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर, मिरज करत रात्री अकराला सोलापुरात. मिरज सोडल्यावर आभाळ कोरडं, सांगोल्यापासून तर चांदणं. गल्लीत गाडी लावली तेव्हा शेजारच्या काकू कट्ट्यावर बसलेल्या. आईचा पहिला प्रश्न, "नळ कधी आलता?" काकू म्हणाल्या, "काल पहाटे." म्हणजे अजून तीन दिवस. मी सामान काढत होतो तेवढ्यात ती म्हणाली की सामान राहू दे, आधी टाकी. पाइप लावून गाडीतलं उरलेलं सगळं पाणी हौदात घेतलं, पाच-सहा बादल्या निघाल्या. एक बादली तिने काकूंना दिली, आंबोलीच्या पावसाचं हाय म्हणून. सकाळचा चहा त्याच पाण्याचा, चांगला उकळून, आणि त्या दिवशी पाणी भरायच्या वहीत नळाच्या तारखेखाली तिने एक ओळ लिहून ठेवलीय, आंबोली, साठ लिटर.

आज मृग लागून दोन दिवस झालेत. रात्री दोनचा गजर मी माझ्या फोनवर लावलाय.