तासगावचं रिवायंडिंगचं दुकान आणि मुंबई हाय : आरओव्हीवर लागताना

गावाकडं कुणी विचारलं की सध्या काय करतोस, तर मी 'बोटीवर असतो' एवढंच सांगतो. पुढचा प्रश्न ठरलेला, 'मर्चंट नेव्ही का?' मान डोलावली की विषय मिटतो. खरं, म्हणजे समुद्राखालचं आरओव्ही नावाचं यंत्र चालवतो हे, सांगायला गेलं की अर्धा तास जातो आणि शेवटी समोरचा म्हणतो, 'म्हणजे व्हिडिओ गेमच की.' पण जॉयस्टिक हातात असते त्याच्या कितीतरी पट वेळ माझ्या हातात मल्टीमीटर आणि पाना असतो. या कामाला लागायचं म्हणून आमच्याकडची दोन-तीन पोरं विचारायला येऊन गेली, म्हणून सगळं एकदा लिहून काढतोय.

आरओव्ही म्हणजे केबलला बांधलेलं, माणूस आत नसलेलं पाण्याखालचं यंत्र. समुद्राच्या पाण्यात रेडिओ लहरी चालत नाहीत, त्यामुळे वीज, हुकूम आणि कॅमेऱ्याचं चित्र हे सगळं केबलीतूनच जातं-येतं. छोटी यंत्रं दोघं उचलतात. आम्ही ज्याला वर्क क्लास म्हणतो ते काही टनांचं असतं. त्याला हायड्रॉलिक हात, सोनार (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून गढूळ पाण्यातलं दाखवणारं उपकरण), दिवे आणि अंगावर फोमचा मोठा पिवळा ठोकळा, म्हणजे पाण्यात ते जवळजवळ वजनहीन राहतं. आप्पांना हे काही केल्या पटेना. मग मी कनिष्कचं सांगितलं. 1985 मध्ये एअर इंडियाचं विमान आयर्लंडजवळ समुद्रात पडलं, तेव्हा त्याचे रेकॉर्डर, म्हणजे ब्लॅक बॉक्स, सुमारे 2000 मीटर खोलीवरून स्कॅरॅब नावाच्या अशाच यंत्रानं वर काढले होते. ती बातमी त्यांच्या लक्षात होती. 'मग केबल केवढी आसंल रं?' हा त्यांचा पहिला प्रश्न.

तो प्रश्न साहजिकच होता. आप्पांचं तासगावात मोटार रिवायंडिंगचं दुकान. द्राक्षबागांच्या बोअरमधल्या सबमर्सिबल मोटारी जळून आमच्याकडं येतात. शाळेत असल्यापासून मी तिथं कॉईल काढणं, वार्निश लावणं, मेगर मारणं (म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर लावणं) हे करत आलो. पाचशे फुटांवर मोटार सोडताना केबलचा जॉइंट कसा बांधायचा, ही तिथली खरी विद्या. मोटार चांगली असते, जॉइंटमध्ये पाणी शिरतं आणि नाव मोटारीचं खराब होतं. पुढं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, तरी हाताला जे वळण लागलं ते दुकानातच.

डिप्लोमानंतर इंटरनेटवर शोधाशोध सुरू झाली आणि एजंट लोकांचे फोन यायला लागले. एकानं 'इम्का-मान्य कोर्स, नोकरीची गॅरंटी' म्हणून भलीमोठी रक्कम सांगितली. इम्का ही समुद्रातल्या कंत्राटदार कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना. ती मार्गदर्शक नियम काढते, लॉगबुक छापते, पण पोराला काम येतं की नाही हे शेवटी त्याची कंपनीच तपासते. त्यामुळे 'मान्य' हा शब्द कुणी फार जोरात उच्चारला की सावध व्हावं. दुसरं म्हणजे जहाजावर माणसं भरणाऱ्या एजंटाकडं डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याचा, आरपीएसएल नावाचा परवाना लागतो, आणि परवानाधारकाला नोकरी लावण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेता येत नाहीत. हे माहीत नसल्यामुळे आमच्या भागातल्या कितीतरी घरांची वावरं गहाण पडली आहेत, आणि याची चीड मला अजून येते.

मी एक साधा, हातानं काम करून घेणारा कोर्स निवडला. त्यात हायड्रॉलिक्स, फायबरचं टर्मिनेशन (टोकं जोडणं), सोनार वाचणं आणि टाकीत छोटं यंत्र चालवणं असं सगळं होतं. त्याशिवाय बोसिएट हा सुरक्षेचा कोर्स, आणि त्यात ह्यूएट, म्हणजे हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर बाहेर कसं यायचं. हेलिकॉप्टरच्या सांगाड्यात बसवून बेल्ट लावतात, सांगाडा टाकीत उतरवतात आणि उलटा करतात. एक हात खिडकीच्या कडेवर, दुसरा बकलवर. फिरणं थांबेपर्यंत हलायचं नाही. आधी खिडकी ढकलायची, मगच बेल्ट सोडायचा. बेल्ट आधी सोडला तर माणूस तरंगतो आणि खिडकी कुठल्या बाजूला होती हेच कळत नाही. मी विहिरीत पोहायला शिकलेला, म्हणून बेफिकीर होतो. पण डोकं खाली असताना नाकात जे पाणी चढतं त्याची सवय विहीर लावत नाही.

कोर्सची फी भरून झाली आणि 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ पी-305 हा कामगारांचा बार्ज बुडाला, सत्तरहून जास्त माणसं गेली. टीव्हीवर दिवसभर तेच. आईनं बॅग कपाटात टाकून कुलूप लावलं. तिची समजूत कुणीच काढू शकलं नाही, मीही नाही. पावसाळा सरला, कुलूप कधी निघालं ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

खरा अडथळा त्यानंतरचा. कंपन्या विचारतात, ऑफशोअर तास किती? तास नाहीत म्हणून काम नाही, काम नाही म्हणून तास नाहीत. मी ट्रेनी म्हणून अर्ज करत राहिलो आणि अधेमधे दुकानात बसलो. एका कंपनीनं अखेर मुंबईला बोलावलं. वाटलं, जॉयस्टिक देतील. दिला एक सर्किटचा नकाशा, एक बोर्ड आणि मीटर. 'यात फॉल्ट आहे, शोधा.' मग हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या खुणा ओळखायला लावल्या, मग केबलचा जॉइंट बांधायला दिला. समोरचे सर मल्याळी होते. माझा जॉइंट उलटसुलट करून त्यांनी हिंदीत विचारलं, 'ये कहाँ सीखा?' मी म्हटलं, 'सर, घर पे.' गेममधला स्कोअर कुणी विचारला नाही.

पहिली बोट मुंबई हायच्या कामाची मिळाली. किनाऱ्यापासून साधारण 160 किलोमीटर, खोली 75 मीटरच्या आसपास. साध्या हवेवर पाणबुड्या माणसांना 50 मीटरपर्यंतच सोडतात, त्याखाली सॅच्युरेशनचा, म्हणजे माणसं दिवसचे दिवस दाबाच्या खोलीत ठेवायचा, मोठा आणि खर्चिक पसारा लागतो. म्हणून तेलाच्या प्लॅटफॉर्मच्या पायांची बरीच तपासणी यंत्रानं होते. कंट्रोल कंटेनरमध्ये तिघं असतात, पायलट, को-पायलट आणि सुपरवायझर. बारा तासांची पाळी. एसी इतका गार की मे महिन्यात जाकीट घालून बसायचं.

ट्रेनीच्या वाट्याला सुरुवातीला येतं ते टर्न मोजणं. यंत्र ज्या बाजूला वळेल तसा टेदरला, म्हणजे केबलीला, पीळ बसतो. दाव्याला बांधलेलं रेडकू खुंटीभोवती फिरून स्वतःलाच आवळून घेतं, तसंच. म्हणून उजवीकडं किती, डावीकडं किती याचा हिशेब पडद्यावर आणि डोक्यातही ठेवायचा, आणि वर यायच्या आधी पीळ उलगडायचा. प्लॅटफॉर्मच्या पायांच्या जाळीत आत शिरला असाल तर ज्या वाटेनं गेलात त्याच वाटेनं माघारी यायचं. जवळची वाट दिसली तरी नाही. त्यात भरती-ओहोटीची ओढ, आणि कुठं कोळ्यांची तुटलेली जाळी पायांना अडकून हलत असतात. ती थ्रस्टरमध्ये, म्हणजे यंत्र ढकलणाऱ्या पंख्यात, गेली तर यंत्र तिथंच बसतं.

तपासणीचा निम्मा भाग गंजाचा. लोखंड गंजू नये म्हणून त्याला जस्त किंवा ॲल्युमिनियमचे ॲनोड जोडलेले असतात. ते झिजतात आणि लोखंड वाचतं. ते काम चालू आहे का हे बघायला प्रोबचं टोक लोखंडावर टेकवून मिलिव्होल्ट वाचायचे. उणे 800 ते उणे 1100 च्या मधला आकडा असेल तर ठीक. चित्रासोबत आवाजही रेकॉर्ड होतो, म्हणून आकडा स्पष्ट बोलायचा. शिंपल्यांच्या थराखाली लोखंड गाठायलाच वेळ लागतो. टोक घसरतं, लाटेनं यंत्र वर-खाली होतं आणि आकडा नाचतो. तो स्थिर होईपर्यंत दमानं थांबणं, हे कौशल्य मला उशिरा आलं.

आणि ग्राउंड फॉल्ट, म्हणजे वीज पाण्यात गळणं. या धंद्यात सगळ्यात जास्त झोप यानं मोडते. मोठ्या यंत्राला केबलीतून तीन हजार व्होल्टच्या आसपास वीज जाते आणि सभोवती खारं पाणी. इन्सुलेशन जरा ढिलं पडलं की अलार्म. एका रात्री असंच यंत्र वर घ्यावं लागलं. डेकवर गोड्या पाण्यानं धुतलं आणि एकेक सर्किट सोडवत गेलो. फॉल्ट थ्रस्टरमध्ये नाही, कॅमेऱ्यात नाही, कॅमेरा फिरवणाऱ्या पॅन-टिल्टमध्ये नाही. सुपरवायझर सर मागं उभे, क्लायंटचा माणूस घड्याळ बघतोय. इलेक्ट्रॉनिक्स जोडलेलं असताना मेगर मारायचा नसतो, बोर्ड जळतात. त्यामुळे आधी दोन्ही टोकं मोकळी करायची आणि मगच मारायचा. दिव्याच्या लाइनीवर काटा पडला. कनेक्टर उघडला तर पिना स्वच्छ, पाणी अडवणारी रबरी ओ-रिंग ठीक. मग मी केबल हातात घेऊन, जिथं रबर कनेक्टरला चिकटवलेलं असतं तिथं हळूहळू वाकवत गेलो. मेगरचा आकडा एका जागी धपकन खाली आला. डोळ्याला दिसणारही नाही अशी चीर होती. केबल बदलली, यंत्र पाण्यात. सर म्हणाले, 'चाय पी ले.' तासगावात आप्पा जळक्या मोटारीची केबल अशीच बोटांत फिरवत तपासतात. तिथं निदान पाण्याला मीठ नसतं.

पैशांचं विचाराल तर बरे मिळतात, पण दिवसाच्या हिशेबानं. पश्चिम किनाऱ्यावर जूनपासून पावसाळाभर असलं काम जवळजवळ बंद असतं, म्हणजे ते महिने घरी आणि पगार नाही. आणि ऑक्टोबरात, ऐन फळछाटणीच्या धामधुमीत, बोटीचा फोन येतो. भाऊ वैतागतो. बरोबरच आहे त्याचं.

विचारायला येणाऱ्यांना मी आधी डोळे तपासायला सांगतो. रंगांध माणसाला वायरी आणि फायबरचे रंग ओळखता येत नाहीत, आणि हे फी भरल्यानंतर मेडिकलमध्ये कळलं तर पैसे गेले. त्यानंतर पासपोर्ट आणि सीडीसी, म्हणजे खलाशाचं सरकारी पुस्तक. बोसिएटची मुदत चार वर्षांची असते, म्हणून काम दिसायला लागलं की मग तो करावा. आणि इंजिनिअरिंगची डिग्री नाही म्हणून मागं राहू नये. आयटीआयचा चांगला इलेक्ट्रिशियन, ज्याला नकाशा वाचता येतो, तो इथं टिकतो.

माझं सध्या पायलटचं ग्रेड टू चालू आहे, वन त्याच्या वरचं. ग्रेड वनसाठी हायड्रॉलिक्सचं असेसमेंट राहिलंय, यंत्राच्या हाताच्या व्हॉल्व्ह पॅकचं. पूर्व किनाऱ्यावर कृष्णा-गोदावरी खोऱ्यात खोल पाण्याचं काम असतं, त्यासाठी दोन ठिकाणी अर्ज टाकलेत. तोपर्यंत मी दुकानात आहे, सकाळी दहानंतर.