मणिपूरला मदत पाठवताय? आधी तिथल्या बायकांना विचारा

छावणीतल्या बाईला काय लागत असेल असं विचारलं की आपल्याकडे लगेच उत्तर येतं, तांदूळ, डाळ, ब्लँकेट. बरोबरच आहे ते. पण अंगावरच्या कपड्यांनिशी घर सोडून पळालेल्या बाईला पाळी येतेच ना, बदलायला आतले कपडे नसतात, असलेले धुतले तर भरलेल्या हॉलमध्ये वाळत कुठे घालायचे हा प्रश्न, आणि हे कुणाच्याच यादीत नसतं कारण यादी करताना तिला कुणी विचारलेलंच नसतं.

मणिपूरमध्ये ३ मे २०२३ ला हिंसाचार सुरू झाला, अडीचशेच्या वर माणसं गेली, साठ हजाराच्या आसपास लोक बेघर झाले. हिंसाचार मैतेई आणि कुकी या दोन समाजांतला, आणि भोगलं दोघांनीही. आपल्याकडच्या बातम्यांतून तो विषय कधीच गेला, छावण्या मात्र राहिल्या.

आमच्या ठाण्यातल्या वर्तकनगरच्या बचत गटाने सामान गोळा करायला घेतलं तेव्हा हॉलमध्ये ढीग लागला. जरीच्या साड्या, लग्नातला घागरा, चेन तुटलेल्या जीन्स. नवी निकर एक नाही, ब्रा एक नाही. द्यायला लाज वाटते म्हणे! तिकडे काम करणाऱ्या एका ताईंशी फोनवर बोलले, तर त्यांनी पहिल्यांदा आतले कपडे सांगितले, मग बादली आणि झाकण, मग टॉर्च. टॉर्च कशाला तर रात्री संडासला जायला भीती वाटते म्हणून. अंधारात जायला नको म्हणून बायका संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत.

बरं, हे सगळं जगाला माहीत आहे. मदतकार्याचे स्फिअर म्हणून आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यात वीस माणसांमागे एक संडास, पुरुषांच्या एकामागे बायकांचे तीन, आतून कडी, उजेड, सगळं लिहिलेलं आहे. बांगलादेशात कॉक्स बाजारला रोहिंग्या बायका-मुली सरपणासाठी जंगलात जायच्या तिथे त्यांच्यावर हल्ले व्हायचे, २०१८ पासून घरोघरी गॅस द्यायला लागले तेव्हा ती जंगलातली फेरी खूप कमी झाली. म्हणजे सुरक्षितता ही कधी कधी सिलेंडरमधून येते.

आणि कृपा करून त्यांना बिचाऱ्या म्हणू नका. याच मणिपुरात १९३९ मध्ये बायकांनी इंग्रजांच्या काळात तांदळाच्या निर्यातीविरुद्ध नुपी लान, म्हणजे बायकांचं युद्ध, उभारलं होतं, इंफाळच्या इमा कैथेलमध्ये, म्हणजे आयांच्या बाजारात, आजही हजारो बायका दुकानं चालवतात, गाळे फक्त बायकांचे. अशा बाईला रांगेत उभं करून, हातात पॅडचं पाकीट देऊन फोटो काढायचा हे मला अजिबात पटत नाही, फार राग येतो. तिला सामान वाटपाच्या कमिटीत घ्या, कुणाला काय कमी पडतंय ते तिला बरोबर माहीत असतं. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २००० साली १३२५ क्रमांकाचा ठराव केला त्यात हेच आहे की शांततेच्या बोलण्यांत आणि निर्णयांत बायका हव्यात, पण बोलणी सुरू झाली की टेबलाभोवती बघा कोण बसलेलं असतं ते.

दुसरं म्हणजे कमाई. छावण्यांमधल्या बायका क्रोशाच्या बाहुल्या विणून विकतायत. बचत गटातल्या बायकांना हे वेगळं समजवायला लागत नाही, पैसा आपल्या नावावर आला की घरात आपलं मत विचारलं जातं, आणि नवरा गेलाय किंवा काम सुटलंय अशा घरात तर मुलांची वही-पेन्सिल त्याच पैशातून येते.

म्हणून यावेळी आम्ही लोकर आणि क्रोशाच्या सुया पाठवतोय, लोकर जांभळी नाक्यावरून होलसेलमध्ये घेऊ, रंग तिकडच्या बायकांनीच कळवलेत. पैसे द्यायचे असतील त्यांनी गटातल्या कुणाकडेही द्या, पावती मिळेल. जुने कपडे आता नकोत. द्यायचेच असतील तर नवे सुती आतले कपडे द्या, सगळ्या मापांचे, मोठी मापं कुणी आणत नाही तीसुद्धा.