उजनीचं पाणी आणि रात्री दीडची मोटर

मे महिन्यात सोलापूरला जाणारा माणूस एक तर तिथला जावई असतो, नाही तर त्याला आत्यानं बोलावलेलं असतं. मी दुसऱ्या जातीतला. दत्त नगरातल्या आत्याच्या नातवाचं जावळ होतं.

माझा धंदा पंपांच्या ऊर्जा-ऑडिटचा. नगरपालिकांच्या पाणीपुरवठ्याची वीजबिलं चाळत हिंडायचं. त्यामुळे प्रवासात देवळापेक्षा पंपहाऊसकडे मान आधी वळते. पुणे सोडून भिगवणच्या पुढे आलो तर उजनीचा फुगवटा पार आटलेला, काठाला भेगाळलेला गाळ. पाणी फारच खाली गेलं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं. पुढे टेंभुर्णी, मोहोळ, मग पाकणीचं जलशुद्धीकरण केंद्र. धरणापासून शहरापर्यंत शंभरेक किलोमीटर पाणी पाइपातून येतं. हिप्परग्याचा तलाव आणि टाकळीची योजना आहेच, पण खरी भिस्त उजनीवर.

गंमत अशी की फताटेवाडीच्या १३२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्रालाही पाणी उजनीचंच लागतं. म्हणजे वीज करायला उजनीचं पाणी, आणि उजनीचं पाणी आणायला वीज. हवामान बदलावरची भाषणं मला समजत नाहीत, ही साखळी समजते.

दुपारी उन्हाला न जुमानता इंद्रभुवन बघायला गेलो. आप्पासाहेब वारदांनी बांधलेली वास्तू, महापालिकेचा कारभार इथलाच. जाड भिंती, उंच छत. हवा खेळती ठेवायची अक्कल होती लोकांना. आता नव्या इमारतींना पुढून काच लावायची आणि मग आत एसी कोंबायचे. बांधकाम परवाना देणारा हात महापालिकेचा असतो. सावली, खिडकी, छत यांचा विचार नकाशा मंजूर करतानाच झाला तर पुढची पन्नास वर्षं वीज वाचते. रस्त्यावरच्या एलईडी दिव्यांबद्दल मी फार बोलणार नाही. ते काम चांगलं आणि सोपंही आहे, म्हणून त्याचेच फोटो निघतात.

पंपाचे फोटो कोण काढणार? हजार लिटर पाणी शंभर मीटर चढवायला हिशोबानं पाव युनिटच्या थोडी वर वीज पुरते. पंप आणि मोटर झिजलेली असली की तेच जवळजवळ अर्ध्या युनिटवर जातं. एका नगरपालिकेत मी जुना पंप पाहिला होता. गरजेपेक्षा मोठा, म्हणून त्याच्या पुढचा व्हॉल्व्ह कायम अर्धा दाबून ठेवलेला. पाट फोडायचा आणि दारं लावून बसायचं, त्यातला प्रकार. अशा ठिकाणी मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह बसवावा. लांब पाइपात बहुतेक जोर घर्षणात जातो. तिथे वेग वीस टक्क्यांनी उतरवला की वीज जवळपास निम्म्यावर येते. पण नवा पंप घ्यायचा पैसा एका खात्यातून आणि वीजबिल दुसऱ्या खात्यातून, मग बचत कुणाच्या नावावर लिहायची यावर फाइल अडते. माझी अर्धी हयात त्या फायलींत गेली.

संध्याकाळी आत्याच्या शेजारचे अण्णा भेटले. यंत्रमाग चालवून निवृत्त झालेले, तेलुगू घरातले. पत्र्यावर चुना मारलेला. आत पाऊल टाकताच फरक कळला. "आमच्या करीमनगरच्या पावण्यांकडं सरकारच म्हणायलंय, छपरं पांढरी करा म्हणून," अण्णा म्हणाले. खरं आहे, तेलंगणानं २०२३ मध्ये तसं धोरणच आणलं. पुण्यात सोलर किंवा गांडूळखत केलं तर मिळकत करात सूट मिळते. तशी पत्र्यावरच्या चुन्याला द्यायला काय जातंय? पंखा ज्याच्या घरात रात्रभर फिरतो त्याचा विचार फारसा कुणी करत नाही.

जेवायला कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. आत्यानं ताट उचलता उचलता बजावलं, "लवकर झोप. आज पाण्याचा दिवस है."

रात्री दीडला तिनं हलवलं. "झोपायलास काय अजून? पाणी यायलंय, ऊठ!"

गल्ली जागी होती. पिंपं, घागरी, बादल्या, पोरांच्या डोळ्यांवर झोप. आणि घराघरातून मोटरी सुरू झालेल्या, थेट नळाला जोडलेल्या. एकानं लावली की दुसऱ्याच्या नळाचा जोर जातो, मग तोही लावतो. उजनीला एकदा विजेचे पैसे मोजलेलं पाणी इथे गल्लीत परत ओढलं जात होतं, आणि त्याचं बिल घराघरावर. दोष तरी कुणाला द्यायचा? चार-पाच दिवसांनी येणारं पाणी कुणी सोडेल का? दाब कायम राहिला असता, मीटर असते, तर या सगळ्या मोटरी भंगारात गेल्या असत्या. पण त्यासाठी जमिनीखालची गळती आधी शोधावी लागते.

पावणेतीनला पलीकडच्या गच्चीवरून धार लागली. टाकी भरून वाहत होती, घरचे बहुधा मोटर चालू ठेवून झोपी गेलेले. शंभर किलोमीटर आलेलं पाणी पन्हाळीतून थेट गटारीत.

आत्या रिकामी घागर कमरेवर घेऊन ओरडली, "अगं ए, मोटर बंद कर की गं!"

उत्तर आलं नाही. मग अण्णाच उठले आणि त्यांचं दार वाजवायला गेले.