परसदारचा डेक आणि सूतभर फट

मागच्या दाराचा उंबरठा जमिनीपासून अडीच फूट उंच आणि त्याखाली उतरायला तीन वेड्यावाकड्या पायऱ्या, अशी आमच्या परसदाराची अवस्था कित्येक वर्षे होती. तेथे निवांत बसता येईल असा लाकडी डेक, म्हणजे खांबांवरचा उघडा ओटा, बांधायचे ठरले, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी मी कागदावर दहा बाय दहा फुटांचा चौकोन काढून मोकळा झालो होतो. दुसऱ्या दिवशी तोच चौकोन खुंट्या ठोकून सुतळीने जमिनीवर आखला, त्यात टेबल आणि सहा खुर्च्या नेऊन ठेवल्या आणि घरच्या सर्वांना बसायला सांगितले. बसणे जमले, उठणे जमेना. माणूस उठताना खुर्ची मागे सरकते, त्यासाठी टेबलाच्या कडेपासून अडीच ते तीन फूट जागा मोकळी लागते, आणि बसलेल्यांच्या मागून कोणाला जायचे असेल तर त्याहूनही अधिक, हे कागदावर माझ्या लक्षातच आले नव्हते. सुतळी तीनदा हलवल्यानंतर भिंतीलगत १४ फूट आणि भिंतीपासून बाहेर १२ फूट हे माप कायम झाले.

त्यानंतरचा सर्वांत मोठा निर्णय डेक घराच्या भिंतीला जोडायचा की स्वतःच्या पायांवर उभा करायचा, हा होता. भिंतीला जोडल्यास एका बाजूचे खांब वाचतात. परंतु त्यासाठी भिंतीवर एक जाड आडवी फळी बोल्टने आवळावी लागते, आणि तिच्या मागे पाणी शिरू नये म्हणून वर पत्र्याची पट्टी वाकवून अतिशय काळजीपूर्वक बसवावी लागते. ही पट्टी चुकली की फळी आणि भिंत दोन्ही आतल्या आत कुजतात आणि वरून काहीच दिसत नाही; डेक कोसळतात ते बहुधा याच जोडावर, विशेषतः बोल्टऐवजी नुसते खिळे मारलेले असतील तर. मला स्वतःच्या हातावर तेवढा भरवसा नव्हता, म्हणून मी स्वतंत्र डेक पत्करला आणि भिंत व डेक यांमध्ये थोडी मोकळी जागा सोडली. भिंतीचा आधार नसलेला डेक डुलण्याची शक्यता असते, त्यामुळे खांब आणि तुळया यांच्यामध्ये तिरके टेकू द्यावे लागले, तेवढे काम वाढले. डेकचा पृष्ठभाग उंबरठ्यापेक्षा दोन इंच खाली, म्हणजे जमिनीपासून २८ इंचांवर ठेवला, तोही पाणी घरात येऊ नये म्हणूनच.

आखणी गुण्यात आहे की नाही, म्हणजे कोपरे काटकोनात आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी मोठ्या गुण्याची गरज नसते. दोन्ही कर्ण मोजले की पुरते. १४ बाय १२ फुटांच्या आयताचा कर्ण १८ फूट सव्वापाच इंच भरायला हवा. आमच्या पहिल्या आखणीत दोन कर्णांत इंचभराचा फरक निघाला, तो खुंट्या सरकवत मिटवण्यात एक अख्खी सकाळ गेली. खड्डे खणण्यापूर्वी बांधकामाची परवानगी लागते का आणि जमिनीखालून वीज, पाणी किंवा सांडपाण्याची लाइन गेली आहे का, याची खातरजमा करून घेतली. सहा खांबांसाठी सहा काँक्रीटचे ठोकळे ओतले. ज्या प्रदेशात थंडीत जमीन गोठते तेथे पाया गोठणाऱ्या थराच्या खालपर्यंत न्यावा लागतो, नाहीतर मातीतले पाणी गोठून फुगते आणि खांबच वर उचलले जातात. खांब काँक्रीटमध्ये गाडायचे नाहीत, असा माझा हट्ट होता. प्रत्येक खांबाखाली गॅल्व्हनाइज्ड लोखंडाची बैठक बसवून लाकडाचे टोक काँक्रीटपासून इंचभर वर ठेवले, कारण लाकूड टोकाकडूनच सर्वाधिक पाणी शोषते. त्याच कारणाने करवतीने कापलेल्या प्रत्येक टोकाला बसवण्याआधी वाळवी आणि कूज रोखणारा द्रव दोनदा पाजला.

वरची रचना म्हणजे जुन्या माडीचा कडीपाटच, फक्त उघड्यावरचा. दोन तुळया, त्यांवर मध्यापासून मध्यापर्यंत १६ इंचांच्या अंतराने बारा कड्या, म्हणजे फळ्या पेलणारी लांब लाकडे, आणि कड्यांवर आडव्या फळ्या. घराच्या डेकवर दर चौरस फुटाला सुमारे १८ किलो भार येईल असे अनेक ठिकाणी गृहीत धरतात. आमच्या १६८ चौरस फुटांना ते तीन टनांच्या वर जाते. हा आकडा ऐकल्यावर खांब वाचवण्याची भाषा घरात पुन्हा कोणी केली नाही. प्रत्येक कडी डोळ्यासमोर आडवी धरून तिचा बाक पाहायचा आणि फुगीर कड वर ठेवायची, म्हणजे भाराने ती सरळ होते.

फळ्यांमध्ये फट किती ठेवावी, यावर मात्र मी आणि सुतारकाका पुष्कळ बोललो. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र ओलाव्याने फुगते आणि वाळल्यावर आकसते. त्यामुळे वाळलेल्या फळ्यांमध्ये सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फट ठेवायची. मात्र रसायन पाजलेल्या ओल्या फळ्या एकमेकींना खेटूनच बसवायच्या, त्या वाळल्या की फट आपोआप पडते. आमच्या फळ्या वाळलेल्या आणि साडेपाच इंच रुंद होत्या. हिशेब केला तर १४४ इंचांत २५ फळ्या बसून शेवटी तीन इंच तीन सूत जागा उरत होती, म्हणजे एक फळी उभी चिरून केविलवाणी पट्टी लावावी लागली असती. “पुढे-मागे इंच-इंच बाहेर काढ की,” असे काका म्हणाले. २६ अख्ख्या फळ्या १४६ इंच एक सुतात बसल्या आणि करवत लावावीच लागली नाही. फट सारखी राहावी म्हणून सूतभर जाडीचे खिळे मध्ये उभे धरले होते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घेतले, कारण लाकूड टिकवण्यासाठी वापरली जाणारी तांबेयुक्त रसायने साध्या लोखंडाला लवकर गंज चढवतात.

पायऱ्यांनी माझी चांगलीच फजिती केली. २८ इंचांची उंची, सात-सात इंचांचे चार टप्पे, इतका सरळ हिशेब करून मी बाजूच्या तिरक्या पाटांना खाचा पाडल्या आणि त्यांवर सव्वा इंच जाडीच्या फळ्या ठेवल्या. फळीची जाडी मी धरलीच नव्हती! पहिली पायरी सव्वाआठ इंचांची झाली आणि शेवटची पावणेसहा इंचांची. पायरी उंच असली तरी पाय जुळवून घेतो, पण एकाच जिन्यात उंची बदलली की तो अडखळतो, आणि मी स्वतःच पहिल्या चढणीत अडखळलो. सुदैवाने उपाय सोपा होता: पाटांचे खालचे टोक सव्वा इंच कापून ते तेवढेच खाली बसवले की चारही टप्पे पुन्हा सात इंचांचे होतात. कठडा या उंचीला अनेक ठिकाणी बंधनकारक नसतो. घरात लहान मूल असल्याने आम्ही तो लावला आणि गजांमधले अंतर चार इंचांहून कमी ठेवले.

पहिला जोराचा पाऊस झाला त्या संध्याकाळी मी टॉर्च घेऊन डेकखाली वाकलो. अंथरलेल्या खडीवर पाणी सगळीकडून सारख्या रेघांनी गळत होते, फक्त जिन्याजवळच्या एका ठिकाणी रेघ तुटली होती. वर जाऊन पाहिले तर एका कडीवर, दोन फळ्यांच्या फटीत, लाकडाचा भुसा आणि पाने चिखलासारखी घट्ट बसली होती. जुन्या करवतीचे पाते त्यातून दोनदा फिरवले, तेव्हा तेथूनही पाणी खाली गेले.