एकोणीस दिवस उभी राहिलेली गाडी

विमानतळाजवळ दुकान असलं की गिऱ्हाईक गाडीचं काम सांगता सांगता एक प्रश्न हमखास विचारतं. "गाडी तिथंच पार्किंगला ठेवून जाऊ, का टॅक्सीनं जाऊ?" माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान पुण्यात धानोरी रस्त्याला आहे. बॅटरी, सेल्फ, डायनामो, वायरिंग ही कामं मी बावीस वर्षं करतोय. या प्रश्नाचं उत्तर मी इतक्या वेळा दिलंय, की ते तोंडपाठ झालं होतं. २०२५ च्या फेब्रुवारीतल्या एका रात्रीनंतर मात्र मी ते तसं देऊ शकलेलो नाही.

आमचं एक गिऱ्हाईक आहे, दुकानात आम्ही त्यांना कराडचे सर म्हणतो. राहायला चिखलीत, ऑफिस विमाननगरला, म्हणून गाडी आमच्याकडे लावून कामावर जायचे. ऑटोमॅटिक गिअरची, बटणस्टार्ट गाडी. जानेवारीच्या शेवटी त्यांना कामासाठी एकोणीस दिवस गुवाहाटीला जायचं होतं. जायच्या आदल्या दिवशी हवा चेक करायला आले आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला.

मी म्हणालो, "पैशानं बघाल तर टॅक्सी. तीन-चार दिवसांत परत येणार असाल तर पार्किंग परवडतं. एकोणीस दिवसांच्या पार्किंगच्या पैशात चिखली ते विमानतळ कितीतरी फेऱ्या होतील."

ते म्हणाले, "पैशाचं नाही दादा. आई कराडला असते. तिच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलंय, तारीख पुढं-मागं होतेय. मी बाहेर असताना काही झालं, तर विमानातून उतरल्या उतरल्या थेट कराडला निघता यावं, एवढंच. रात्री-अपरात्री टॅक्सीवाला कराडला यायला तयार होईल का, सांगता येत नाही."

विचार अगदी बरोबर होता. बाहेरगावच्या रात्रीच्या फेरीला ड्रायव्हर सहजासहजी तयार होत नाहीत. रिकामं परत यावं लागतं, मग दोन्हीकडचं भाडं मागतात. मी बॉनेट उघडून बॅटरीवरची तारीख पाहिली. दहा महिन्यांपूर्वी मीच बसवलेली होती. म्हणालो, "मग ठेवा बिनधास्त. बॅटरी नवी आहे, महिनाभर काही होत नाही."

हे मी हवेत बोललो नव्हतो. २०२० साली २५ मार्चपासून देशातली विमानं बंद झाली, ती सुरू झाली २५ मेला. दोन महिने जागेवर उभ्या असलेल्या किती गाड्या त्या जूनमध्ये मी चालू केल्या, त्याची गणती नाही. साध्या गाड्या, चांगली बॅटरी, अशा असल्या तर कित्येक पहिल्या सेल्फला उठल्या. माझा भरवसा तिथून आलेला होता. पण त्या गाड्यांच्या काचेवर कॅमेरे नव्हते.

फेब्रुवारीत रात्री पावणेबाराला फोन वाजला. "दादा, गाडी उघडतच नाहीये. रिमोटला लाइटसुद्धा लागत नाही. आईला दुपारपासून आयसीयूत ठेवलंय. ऑपरेशन सकाळी सहाला घेतायत."

बूस्टर (उतरलेल्या बॅटरीला बाहेरून करंट देणारा डबा), जंपर केबल, मीटर आणि टॉर्च पिशवीत टाकून मी स्कूटरवरून निघालो. पंधरा मिनिटांत पोहोचलो. आता लोहगावच्या विमानतळावर पार्किंगची बहुमजली इमारत आहे, २०२२ च्या नोव्हेंबरपासून. तिसऱ्या मजल्यावर सर गाडीला टेकून उभे होते. पाठीवर सॅक, पायाशी बॅग, हातात फोन. गुवाहाटीहून दिल्ली, दिल्लीहून पुणे असा दुपारपासूनचा प्रवास. बोलताना एकच वाक्य दोनदा बोलत होते.

रिमोटच्या पोटात लोखंडी चावी असते, ती पुष्कळांना ठाऊक नसते. ती काढून दार उघडलं, बॉनेट उघडलं, मीटर लावला. ३.१ व्होल्ट. भरलेली बॅटरी १२.६ दाखवते, बाराच्या खाली गेली की सेल्फ रडायला लागतो. तीन व्होल्ट म्हणजे बॅटरी उतरून कितीतरी दिवस झालेले. बूस्टरला तर समोर बॅटरी आहे हेच कळेना. बटण दाबून धरून जबरदस्तीनं करंट सोडला, तर डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लुकलुकले आणि रिले नुसताच टकटक करत राहिला.

अशा ठिकाणी उपाय थोडे उरतात. ऑटोमॅटिक गाडीला धक्का मारून चालू करता येत नाही. गिअर पार्किंगला अडकलेला, त्यामुळं चाकं जाम. टोचनवाल्याला बोलवावं, तर त्याची गाडी छताखाली येत नाही. पूर्वीच्या गाडीला चार माणसं लागायची आणि एक उतार.

मला राजगुरुनगरकडच्या एका टॅक्सीवाल्याची आठवण झाली. त्याच्या गाडीचा सेल्फ आठ दिवसांपूर्वीच मी भरून दिला होता आणि रात्री तो विमानतळाच्याच भाड्यांवर असतो. फोन लावला, तो खालीच होता. सिक्युरिटीच्या दादांनी त्याला वर येऊ दिलं, स्वतः पुढं चालत जागा करून दिली. दोन्ही गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या केल्या. लाल केबल प्लसवर, काळी त्याच्या मायनसवर, आणि काळीचं दुसरं टोक बॅटरीवर न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडाला. शेवटच्या टोकाला ठिणगी पडते, आणि बॅटरीतून गॅस निघत असेल तर ती जवळ नको. दहा मिनिटं त्याचं इंजिन चालू ठेवलं आणि सरांना म्हणालो, मारा सेल्फ.

गाडी उठली.

सरांनी डोळ्यांवर हात ठेवला. मग लगेच बॅग मागच्या सीटवर टाकली आणि म्हणाले, "दादा, पैसे सकाळी पाठवतो, निघतो मी."

मी केबल काढली तसे हेडलाइट पिवळे पडले. स्टिअरिंगचा दिवा पेटलेलाच. मी त्यांना इंजिन बंद करून परत सेल्फ मारायला सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही, पण त्यांनी केलं. टकटक, टकटक. बॅटरीच्या प्लेटा गेल्या होत्या. ती आता काही धरून ठेवणार नव्हती. म्हणजे गाडी चालली असती ती एकट्या डायनामोच्या जिवावर, आणि वाटेत कुठं बंद पडली असती तर तिथंच राहिली असती. कराडला जाताना तेव्हा खंबाटकीचा घाट चढावा लागायचा, बोगदा येतानाच्या बाजूला होता. रात्री दोन-अडीच वाजता त्या घाटात ट्रकच्या रांगेत गाडी मेली, तर स्टिअरिंग जड, दिवे नाहीत, मागून येणाऱ्याला दिसायची सोय नाही.

नवी बॅटरी माझ्या दुकानात होती. आणून बसवायला पाऊण तास ते तास लागला असता. एक वाजत आला होता.

तेव्हा तोच प्रश्न पुन्हा समोर आला, गाडी का टॅक्सी, आणि या वेळी तो मी स्वतःला विचारला. बॅटरी बदलून दिली असती तरी गाडी चालवायला सर होते. दुपारपासूनचा प्रवास, पोटात विमानातला काहीतरी तुकडा, हात थरथरतायत, दर दोन मिनिटांनी फोन बघतायत. गाडी मी ठीक केली असती. माणूस कसा ठीक करणार?

मी म्हणालो, "सर, तुम्ही याच्या गाडीतनं जा. तुमची गाडी उद्या मी कराडला आणून देतो."

"अहो, यासाठीच तर ठेवली होती मी ती इथं!" आवाज इतका चढला की सिक्युरिटीचे दादा वळून बघायला लागले. मी काही बोललो नाही. टॅक्सीवाल्याकडं पाहिलं. त्यानं दिवसभर झोप काढून रात्रीची पाळी धरली होती. तो म्हणाला, "साहेब, मी साडेचारच्या आत पोचवतो. तुम्ही मागं बसून डॉक्टरांशी बोला. भाडं काय द्यायचं ते नंतर बघू." सरांनी चावी माझ्या हातात ठेवली. ते गेले तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी दुकानात जाऊन बॅटरी घेऊन आलो, बसवली, मीटर १२.६ दाखवायला लागला. तिथून घरी जाता आलं असतं. पण दहा महिन्यांची बॅटरी एकोणीस दिवसांत तीन व्होल्टवर येते कशी, हे कळल्याशिवाय मला झोप लागली नसती.

उभी गाडी पूर्ण झोपलेली नसते. रिमोटची वाट बघणारा रिसीव्हर, घड्याळ, कॉम्प्युटर, हे थोडंथोडं पीत असतात. चांगल्या गाडीत तीस-चाळीस मिलिअँपिअर, म्हणजे दिवसाला एक अँपिअर-अवरच्या आत-बाहेर. त्यांची बॅटरी ४५ अँपिअर-अवरची. एकोणीस दिवसांत एकोणीसेक गेले असते, पंचवीस उरले असते आणि गाडी पहिल्या सेल्फला उठली असती. मायनसची तार काढून मध्ये मीटर जोडला, दाराच्या कडीत स्क्रू ड्रायव्हर अडकवून गाडीला दार बंद आहे असं भासवलं आणि तिचे कॉम्प्युटर झोपायची वाट बघत अर्धा तास खाली बसून राहिलो. सिक्युरिटीच्या दादांनी चहा आणून दिला. मीटर उतरत उतरत ०.२९ अँपिअरवर येऊन थांबला. ०.०३ पाहिजे होता.

फ्यूज एकेक काढत गेलो. सातव्या की आठव्या फ्यूजला आकडा धपकन ०.०४ वर आला. त्या फ्यूजच्या पाठीवरून एक बारीक वायर निघून डॅशबोर्डच्या कडेनं वर काचेवरच्या कॅमेऱ्याला गेली होती. जोडावर हिरवी टेप. दोन वेढे, आणि टोक आत दुमडलेलं, म्हणजे चिकटलं तरी ओढून काढता येतं. अशी टेप आमच्या दुकानातच मारतात, मीच पोरांना शिकवलीय.

दिवाळीत त्यांनी कॅमेरा बसवून घेतला होता. गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग व्हावं म्हणाले होते, सोसायटीत कोणीतरी ओरखडा मारला होता म्हणून. अशा वेळी मध्ये एक छोटा डबा लावतात. बॅटरी ठरावीक व्होल्टच्या खाली आली की तो कॅमेरा बंद करतो. त्या दिवशी दुकानात डबा शिल्लक नव्हता. पोरानं वायर सरळ कायम करंट असलेल्या फ्यूजवर टाकली आणि डबा नंतर बसवू म्हणून राहून गेलं. सर रोज गाडी चालवायचे, रोज बॅटरी भरायची, म्हणून तीन महिने काही कळलं नाही. ती तार दिवसाला सहा अँपिअर-अवर ओढत होती. पार्किंगमध्ये आठवडाभरात बॅटरी संपली आणि पुढचे बारा दिवस रिकामी पडून राहिली. काम पोराचं, पण पैसे मी घेतले होते, आणि "ठेवा बिनधास्त" मी म्हणालो होतो. बॅटरीवरची तारीख पाहिली, कॅमेऱ्याकडं मान वर करून पाहिलं नाही.

सकाळी दुकान बंद ठेवून गाडी घेऊन कराडला गेलो. दवाखान्याच्या दारातल्या टपरीवर सर भेटले. चार वाजून वीस मिनिटांनी पोहोचले होते. आईपाशी दहा मिनिटं सोडलं. तिनं पहिलं काय विचारलं, ते त्यांनी मला सांगितलं. "एवढ्या रातचं तू गाडी चालवत आलास व्हय रं?" ते नाही म्हणाले, ड्रायव्हर होता. मग ती शांत झाली आणि तिला आत नेलं. ऑपरेशन अजून चालू होतं.

मी चहा संपवून त्यांना सगळं सांगितलं. हिरवी टेप, डबा, दिवसाला सहा अँपिअर-अवर. ती वेळ सांगायची नव्हती हे मला कळत होतं, पण चावी देऊन तसाच बसस्टँडवर गेलो असतो, तर पुन्हा त्यांच्यासमोर उभं राहता आलं नसतं. ते बराच वेळ ग्लासाकडं बघत राहिले. एवढंच म्हणाले, "बरं झालं, मला रात्री चालवू दिली नाहीत." बॅटरीचे पैसे मी घेतले नाहीत, टॅक्सीचं भाडंही देऊ केलं. त्यांनी ते घेतलं नाही. दुपारच्या एसटीनं मी परत आलो.

तेव्हापासून दुकानात तो प्रश्न आला की मी आधी गिऱ्हाईकालाच विचारतो. परत किती वाजता उतरणार? उतरल्यावर कुठं जाणार? सोबत कोण? त्या वेळी चालवण्याच्या स्थितीत असाल का? आणि गाडीत नंतर काय काय बसवून घेतलंय? रात्री उतरून लांब जायचं असेल तर मी सरळ टॅक्सी सांगतो, आधी बोलून ठेवलेली, ओळखीच्या ड्रायव्हरची. पार्किंगला ठेवायचीच असेल तर गाडी एक दिवस आधी आणा म्हणतो, मीटर लावून देतो, त्याचे पैसे नाहीत. दहा-पंधरा दिवसांच्या वर असेल तर मायनसची तार कशी काढायची तेही दाखवतो. गाडी लॉक कशी करायची, चावी कुठली वापरायची, हे हातानं करून घेतो. काहींना हे फार वाटतं. वाटू दे.

एप्रिलच्या मध्यात सर आले. मागच्या सीटवर आई. उशी पाठीशी, शाल अंगाभोवती गुंडाळलेली, पुण्यात तपासणीला आणलं होतं. तिनं काच खाली करून मला खालपासून वर पाहिलं आणि पोराला विचारलं, "ह्योच का रं त्यो बॅटरीवाला?" सर हो म्हणाले. मला म्हणाले, "कॅमेरा परत जोडून द्या, दादा. डब्यासकट."

आईला पंख्याखाली खुर्ची दिली, चहा मागवला. पोरगं पुढं आलं होतं, पण वायर मी स्वतः ओढली आणि त्याला शेजारी उभं करून दाखवत गेलो. डबा बसवला, टेप मारली, दाराच्या कडीत स्क्रू ड्रायव्हर अडकवला आणि मीटर लावून अर्धा तास थांबलो. डब्याची व्होल्टची मर्यादा तपासणीपुरती वर चढवून ठेवली होती, त्यानं कॅमेरा तोडल्यावर आकडा काय येतो ते बघायचं होतं. सरांनी घड्याळाकडं पाहिलं, पण घाई केली नाही.

०.०३ आला. पोरालाही वाचायला लावला, मग बॉनेट लावलं.